ग्रॅनोला बारच्या पाठीवरचा हिशेब

अमळनेरला आमचं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. शेंगदाणे, तीळ, गूळ, डाळी हा खरा धंदा. पण गेली काही वर्षं गल्ल्याशेजारच्या बरणीत, जिथे पूर्वी चिक्की असायची तिथे, चोको चिप ग्रॅनोला बार, म्हणजे चॉकलेटचे दाणे घातलेल्या ओट्सच्या वड्या, उभे असतात. कॉलेजची पोरं नेतात, जिमवाले नेतात, आणि डब्यात आज काय द्यावं या काळजीतल्या आया नेतात. पातोंड्याच्या एका आबांनी एकदा तो हातात घेऊन विचारलं, "भाऊ, हाई गोड शे का औषध?" मी म्हटलं, "पौष्टिक शे आबा." त्यांनी एक घास चावला आणि म्हणाले, "मंग गोडच शे ना!"

आबांनी एका घासात ओळखलं. किती गोड, हे नीट सांगता यायला मला पुढे वर्ष लागलं, आणि तेही एक चूक अंगाशी आल्यावर.

आमच्या गिऱ्हाइकांत एक शाळेच्या बाई आहेत. त्यांच्या मिस्टरांना मधुमेह. ते सकाळपासून काय काय खातात हे बाई एका डायरीत लिहून ठेवतात. त्यांनी बार घेतला आणि विचारलं, "भाऊ, यात कॅलरी किती?" गर्दीची वेळ होती. मी पाकीट उलटं केलं, तक्त्यातला दिसला तो आकडा वाचला, "शहाऐंशी." बाईंनी लिहून घेतला. पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या पाकीट हातात धरूनच. "भाऊ, हा आकडा अर्ध्या बारचा आहे." खरंच होता. कंपनीने एक सर्व्हिंग, म्हणजे एका वेळच्या खाण्याचं माप, २० ग्रॅमचं धरलेलं आणि बार ४० ग्रॅमचा. अर्धा बार खाऊन उरलेला खिशात ठेवणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. छापलेलं खोटं नव्हतं, वाचणारा मी घाईत होतो. पण पंधरा दिवस त्या घरात दुप्पट गेलं, ते माझ्या जिभेमुळे.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी ठरलेल्या क्रमाने बघतो. तुम्हीही असंच बघा.

आधी वजन शोधा. पुढच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात असतं. बाजारात २० ग्रॅमपासून ५०-६० ग्रॅमपर्यंत सगळ्या मापाचे बार आहेत, आणि वेष्टण फुगीर असल्यामुळे डोळ्यांना फसगत होते. वजन कळल्याशिवाय पुढचा एकही आकडा वाचू नका. मग पाठीमागच्या तक्त्यात "१०० ग्रॅममागे" असं लिहिलेला रकाना धरा आणि त्याच रकान्यात राहा. शेजारी "प्रति सर्व्हिंग" असतो, तो कंपनीच्या मर्जीचा. शंभर ग्रॅम मात्र सगळ्यांचे सारखे. दोन बारांची तुलना करायची तर तिथेच होते. हातातला बार ४० ग्रॅमचा असेल तर शंभराच्या आकड्याला चाराने गुणा आणि शेवटचं एक घर सोडून द्या. माझ्या बरणीतल्या त्या बारवर १०० ग्रॅमला ४३० किलोकॅलरी आहेत. चार त्रिक बारा, चार चोक सोळा, करत बसलात तर १७२० येतील. म्हणजे बारच्या १७२. आपण बोलताना नुसतं कॅलरी म्हणतो ती किलोकॅलरीच. परदेशातून आलेल्या पाकिटावर किलोज्यूल असले तर ४.२ ने भागायचं.

चोको चिप ग्रॅनोला बार म्हटला की १०० ग्रॅमला ४०० ते ४७० च्या आसपासच सापडतो, मऊ असो की कडक. ओट्स, साखर आणि तेल यांचं मिश्रण भाजून दाबलं आणि पाणी उडालं की दुसरं काय होणार. त्यामुळे कॅलरीवरून दोन बारांत फार फरक कळत नाही. फरक असतो तो त्या कॅलरी कशातून आल्या यात. साखर आणि पिष्ट ग्रॅमला ४, प्रथिनं ग्रॅमला ४, चरबी ग्रॅमला ९, एवढं पाठ करा. माझ्या बारवर १०० ग्रॅमला प्रथिनं ७, कर्बोदकं (म्हणजे साखर आणि पिष्ट) ६८, चरबी १४.५ आहे. २८ अधिक २७२ अधिक १३०, झाले ४३०. तक्ता असा जुळवून बघायची सवय लावून घ्या, हळूहळू आकडे बोलायला लागतात.

आता साखर. इथे मी जरा थांबणार आहे.

तक्त्यात साखरेच्या दोन ओळी असतात, एकूण साखर आणि त्यातली वरून घातलेली साखर. खाद्य लेबलांचे २०२० चे नियम लागू झाल्यापासून दोन्ही छापाव्या लागतात. माझ्या बारवर १०० ग्रॅमला एकूण २९ आणि घातलेली २५. मधले चार ग्रॅम मनुका, दूध पावडर यांच्या अंगचे. बारच्या मापाने एकूण ११.६ ग्रॅम, घातलेली १० ग्रॅम. बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ग्रॅम नका सांगू भाऊ, चमचे सांगा." चहाच्या चमच्यात किती साखर बसते हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्य साखर विकण्यात गेलं, पण पोत्याने आणि किलोने. आणि माझा काटा पाच-पाच ग्रॅमच्या पायऱ्यांनी चालतो, त्यावर चमचाभर साखरेची दखलच घेतली जात नाही.

आमच्या शेजारी जिभाऊंची सराफी पेढी आहे. दुपारी त्यांच्याकडे गिऱ्हाईक नसतं. मी चमचा, साखरेची वाटी आणि एक बार घेऊन गेलो. त्यांनी आधी हात जोडले, मग काचेच्या पेटीतला तो मिलिग्रॅम दाखवणारा काटा पुसून पुढे केला. बोटाने सपाट केलेला चमचा भरला ४.२ ग्रॅम. आमच्या घरी चहात पडतो तसा शिगेचा चमचा भरला ६.९. जिभाऊ म्हणाले, "सोन्याचा भाव लावला असता तर तू चहा सोडला असतास." तेव्हा एका बारमध्ये सपाट पावणेतीन चमचे साखर. हे मी आता कागदावर लिहून बरणीला चिकटवलंय.

काटा चालूच होता म्हणून बारही फोडला. टाचणीने एकेक चिप उकरून बशीत काढली. तेवीस निघाल्या. वजन ३.४१ ग्रॅम, थोडं चॉकलेट ओट्सला चिकटून राहिलं ते वेगळं. पाकिटावर चोको चिप्स ९ टक्के लिहिलंय, म्हणजे ४० ग्रॅमला ३.६. कंपनी इमानदार. पण वेष्टणावरच्या चित्रात ज्या चिप्स ओसंडून वाहतायत त्या प्रत्यक्षात एका बोटाच्या पेरावर मावतात. चॉकलेटचा बार म्हणून जे आपण खातो त्यातला गोडवा चिप्समधून आलेला नसतो. तेवीस चिप्समध्ये निम्म्याहून थोडी जास्त साखर धरली तरी दोन ग्रॅमच होतात. बाकीचे आठ ग्रॅम ओट्स चिकटवणाऱ्या पाकातले. म्हणून "चिप्स वेचून टाका आणि पोराला द्या" हा उपाय करू नका, पोरगंही रडेल आणि बहुतेक साखर तशीच राहील.

पाक कशाचा, हे घटकांच्या यादीत बघायचं. यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे लिहिलेली असते, हा नियम आहे. पहिलं नाव ओट्स दिसलं की लोक खूश होतात. पण पुढे वाचा: लिक्विड ग्लुकोज, साखर, मध, इन्व्हर्ट सिरप, आणि चिप्सच्या कंसात पुन्हा पहिली साखर. चार नावांत वाटून टाकलेली असल्यामुळे यातलं एकही ओट्सच्या वर जात नाही. मनातल्या मनात चौघांना एका पोत्यात भरा, मग खरा पहिला नंबर कोणाचा ते दिसेल. अक्षर बारीक असतं. मी जिभाऊंचं हिरे बघायचं भिंग मागून आणायचो, आता मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघतो.

मध किंवा गूळ दिसला म्हणून सुटका नाही, तीही घातलेली साखरच. "नो ॲडेड शुगर" वाल्या बारमध्ये खजूर भरलेला असतो. तिथे एकूण साखरेची ओळ बघा. आणि मधुमेहवाल्या घरात आणखी एक नाव लक्षात ठेवा, माल्टोडेक्स्ट्रिन. हे स्टार्च तोडून केलेलं पीठ, तक्त्यात साखरेच्या ओळीत मोजलं जात नाही, पण रक्तातली साखर भराभर वाढवतं. बाईंना मी म्हणून सांगितलं की मिस्टरांसाठी साखरेची ओळ पुरेशी नाही, एकूण कर्बोदकांची ओळ लिहीत जा. ६८ चे ४० ग्रॅमला २७ ग्रॅम होतात. पुढे काय करायचं ते डॉक्टर सांगतील, ते माझं काम नाही.

तक्त्याच्या शेवटी टक्के असतात, दिवसभराच्या मापातला किती वाटा एका सर्व्हिंगमध्ये येतो त्याचे. ते दिवसाला २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम चरबी, २२ ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी, ५० ग्रॅम घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढलेले. बारमधली १० ग्रॅम साखर म्हणजे ५० च्या २० टक्के. माझ्या पाकिटावर १० टक्केच छापलंय, कारण तेच, अर्धा बार. आणि ५० ही साखरेची वरची हद्द आहे, रोज गाठायचा कोटा नाही. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते की त्याच्या निम्म्यावर, २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर आणखी बरं. त्या मापाने चहा न घेताच चाळीस टक्के संपले. आमच्याकडे शिगेचे दोन चमचे घातलेला चहा दिवसातून तीनदा होतो, त्याचा हिशेब मी मुद्दाम करत नाही.

चरबीत एकूण आकड्यापेक्षा संपृक्त चरबीची ओळ महत्त्वाची. माझ्या बारवर १०० ग्रॅमला १४.५ पैकी ६, म्हणजे बारमागे २.४ ग्रॅम. ती येते पामतेलातून, त्यात साधारण निम्मी चरबी संपृक्त असते, आणि चिप्समधून. चिप्सच्या कंसात कोको बटर लिहिलेलं असेल तर ते चॉकलेट. हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी असेल तर ते चॉकलेटच्या चवीचं स्वस्त कंपाउंड. हे वनस्पती प्रकरण अमळनेरकराला शिकवायला नको. विप्रोचा जन्म आमच्याच गावात १९४५ साली झाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने, आणि माल काय होता तर वनस्पती तूप. लग्नाच्या पंगतीत ते चालायचं तेव्हा ट्रान्स फॅट हा शब्द कोणाला माहीत नव्हता. तेल अर्धवट घट्ट केलं की ती चरबी तयार होते, हृदयाला सगळ्यांत वाईट. २०२२ पासून तेल-तुपांत तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी ओळ बघाच, शून्याच्या जवळ हवी.

सोडियम बारमध्ये किरकोळ असतं, माझ्या बारमध्ये ७२ मिलिग्रॅम. शेवभाजीच्या मुलखात राहून त्याची काळजी बारवर काढण्यात अर्थ नाही.

प्रथिनांवर मात्र भांडण होतं. जिमची पोरं बार खाऊन "प्रोटीन झालं" म्हणतात. ७ च्या हिशेबाने बारमध्ये २.८ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला जवळजवळ ५० ग्रॅम लागतात. मी त्यांच्यासमोर ३० ग्रॅम भाजके शेंगदाणे तोलतो, ओंजळभरसुद्धा होत नाहीत. त्यात कॅलरी १७०, बारइतक्याच, आणि प्रथिनं साडेसात ग्रॅम. एक पोरगा म्हणाला, "काका, पण शेंगदाण्याची स्टोरी टाकता येत नाही."

फायबरची ओळ छापणं सक्तीचं नाही, पण दावा केला की छापावीच लागते. पुढच्या बाजूला "हाय फायबर" असेल तर १०० ग्रॅमला किमान ६ ग्रॅम हवं. ३ असेल तर फक्त "फायबरचा स्रोत" म्हणता येतं. आणि ओळच नसेल तर समजून जा.

आता एक कबुली. हे सगळं मांडून झाल्यावर माझ्या मनात होतं की बरणीत परत चिक्कीच भरू. मग चिक्कीचाही हिशेब केला. निम्मे शेंगदाणे, निम्मा गूळ धरला तर १०० ग्रॅमला ४७५ किलोकॅलरी आणि चाळीस ग्रॅमच्या वर साखर. बारपेक्षा जास्त! प्रथिनं दुप्पटीच्या जवळ, १२-१३ ग्रॅम, हे खरं. पण गोडाच्या बाबतीत आपली चिक्की बारला मागे टाकते. गावचं आहे म्हणून आकडे लाजत नाहीत. दोन्हींपेक्षा बरं ठरतं ते आमच्या रावेर-यावलचं केळं. सोललेल्या १०० ग्रॅमला ८९ किलोकॅलरी, साखर १२ ग्रॅम आणि तीही स्वतःची, आणि चार हिश्शांतले तीन पाणी. पोट भरतं ते त्या पाण्यानेही. एका बारच्या पैशात किती केळी येतात ते हंगामावर आहे, पण भाव पडलेले असतात तेव्हा शेतकऱ्याकडे बघवत नाही.

तरी पोरांना बारच हवा असतो. म्हणून आमच्या घरी ही करते, आणि मी बाजूला वही घेऊन बसतो. घरचा पदार्थ असला की त्यावर लेबल नसतं, ते आपण लिहायचं. रीत सोपी: प्रत्येक जिन्नस घालण्यापूर्वी तोला, त्याच्या पाकिटावरच्या आकड्याने गुणा, बेरीज करा, आणि शेवटी तयार पदार्थ तोलून वड्यांनी भागा. कच्च्या मालाच्या वजनाने भागू नका, भाजताना पाणी उडतं.

आमचं प्रमाण असं. ओट्स १५० ग्रॅम, शेंगदाणे ७५, तीळ २५, गूळ ९०, तूप १५, चोको चिप्स ३०. ओट्स मंद आचेवर कोरडे भाजा, वास सुटेपर्यंत. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून जाडसर कुटा. तीळ तडतडवून घ्या. तुपात गूळ आणि चमचाभर पाणी घालून पाक करा. थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाकला तर मऊ गोळी वळली पाहिजे. चिक्कीसारखा कडक केलात तर दात दुखतील. पाकात सगळं घालून भराभर हलवा, तूप लावलेल्या थाळीत ओता आणि वाटीच्या बुडाने जीव लावून दाबा. ढिलं दाबलं तर वड्यांचा चुरा होतो, मग तो दुधात घालून खावा लागतो. थाळी हाताला सोसेल इतकी निवली की वरून चिप्स पेरा आणि पुन्हा हलकं दाबा. कोमट असतानाच बारा वड्या कापा.

वहीतली बेरीज: ओट्सचे ५८५, शेंगदाण्यांचे ४२५, तिळाचे १४३, गुळाचे ३४५, तुपाचे १३५, चिप्सचे १४४. एकूण १७७७. थाळी उतरली तेव्हा भरली ३७२ ग्रॅम. म्हणजे वडी ३१ ग्रॅमची आणि १४८ किलोकॅलरींची, शंभराला ४७८. दुकानातल्या बारपेक्षा जास्त आलं म्हणून हिचा चेहरा पडला होता. मग प्रथिनं काढली: वडीला साडेतीन ग्रॅम, शंभराला साडेअकरा, तिथे ७. साखर वडीला पावणेआठ ग्रॅम, शंभराला २५, तिथे २९. गूळ कमी करून पाहिला होता, ७० वर आणला तर वड्या धरत नाहीत. तेव्हा जिंकलो ते प्रथिनांत, साखरेत थोडंसं, आणि पामतेल नाही यात. कॅलरीत हरलो.

ठेवायचं म्हणाल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून आठ-दहा दिवस. दुकानच्या बारवर कधी पांढरट थर दिसतो आणि गिऱ्हाईक बुरशी म्हणून परत आणतं. बहुधा ती वितळून पुन्हा गोठलेली चरबी असते, बोट फिरवलं की पुसली जाते. लोकरीसारखं काही दिसलं किंवा वास आला तर मात्र फेका. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आमच्याकडे एप्रिलपासून गल्ल्यावर बसलेला माणूसच वितळायला आलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात ही चिप्सच्या जागी ३० ग्रॅम मनुका घालते. वहीत १४४ खोडून ९० लिहायचे. वडी १४८ वरून १४४ वर येते. जिभाऊंना मात्र चिप्सवालीच लागते. त्यांच्या वाट्याच्या दोन वड्या मे महिन्यात आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे असतात, आणि दुपारी काटा मोकळा असला की ते स्वतःच येऊन घेऊन जातात.